सॅमनच्या वाटेवरच्या मोऱ्या: वॉशिंग्टन राज्य विधिमंडळाच्या सदस्यांस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन राज्य विधिमंडळ,
ऑलिंपिया

विषय : सॅमन माशांच्या वाटेतील अडथळे दूर करण्याचा निधी संपूर्ण ओढा हे एकक मानून देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. ते मराठीतही लिहिण्याचे कारण असे, की पुजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या पूर्वेकडील टेकड्यांवर गेल्या काही दशकांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत माझ्यासारखी बरीच मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांच्या घरांमागून वाहणाऱ्या ओढ्यांचे भवितव्य आपण संमत करता त्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे, ही गोष्ट त्यांच्याही वाचनात यावी.

मी राहतो त्या भागातील एका ओढ्यावर राज्य महामार्गाखाली, ओढ्याचे पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारी, पन्हळी पत्र्याची एक जुनी नळमोरी होती. ती काढून तिथे आता पूल बांधला गेला आहे. काम उत्तम झाले आहे. पुलाखाली ओढ्याचे पात्र मूळच्या रुंदीचे आहे, तळाशी सॅमनला अंडी घालण्याजोगी धुतलेली खडी टाकली आहे, काठावर मुळांसकट ओंडके रोवले आहेत आणि विलो व सीडरची रोपे आता माणसाच्या उंचीची होत आली आहेत. गेल्या नोव्हेंबरात पहिल्या मोठ्या पावसानंतर मी तिथे दोन सकाळी उभा राहिलो. समुद्रातून अंडी घालायला ओढ्यात परतणारा एकही सॅमन पात्रात दिसला नाही. म्हणून ओढ्याच्या काठाने खाली चालत गेलो, तर अर्ध्या किलोमीटरच्या आतच एका खाजगी रस्त्याखालची नळमोरी लागली. तिचे तोंड खालच्या डोहापासून हातभर वर लोंबत होते आणि त्या डोहात कोहो या सॅमनच्या जातीचे सात-आठ मासे पाळीपाळीने उसळी घेऊन नळाच्या ओठावर आपटत होते. त्या ओढ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तो नळ ज्याच्या जमिनीवर आहे त्या गृहस्थाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची माझी इच्छा नाही. त्याने ते घर विकत घेण्याच्या कितीतरी आधी तो नळ कोणीतरी रीतसर टाकलेला होता. माझे म्हणणे या हिशेबाच्या पद्धतीविषयी आहे. वरच्या पुलाचा अडथळा राज्याच्या यादीत ‘दूर झाला’ म्हणून नोंदला गेला आहे आणि माशांच्या दृष्टीने तो ओढा पूर्वीइतकाच बंद आहे.

मोरी मासे कशी अडवते, हे रस्त्यावरून दिसत नाही. तीन मीटर रुंदीचा ओढा एक मीटर व्यासाच्या नळात कोंबला, की पावसाळ्यात त्याच पाण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. आणि ओढ्यात माशाला दम खायला जे दगड, मुळ्या आणि वळणे असतात, त्यांपैकी नळाच्या गुळगुळीत पोटात काहीच नसते. नळातून सुटलेले पाणी पुढचा तळ खणत जाते, डोह दरवर्षी थोडा खचतो आणि नळाचे तोंड जागच्या जागी राहून हळूहळू अधांतरी होते. उन्हाळ्यात याच नळात पाण्याचा जेमतेम बोटभर थर उरतो. पूर्ण वाढलेला कोहो, खाली पुरेसा खोल डोह असेल तर, मीटरभर उंच उडी मारू शकतो, परंतु बोटाएवढ्या पिलाला वीतभर पायरीही ओलांडता येत नाही. कोहोची पिले समुद्रात जाण्याआधी वर्षभराहून अधिक काळ गोड्या पाण्यातच असतात. शरद ऋतूत मुख्य पात्राला पूर येऊ लागला, की ती उपप्रवाहांत, दलदलीत, बीव्हर या प्राण्याने बांध घालून अडवलेल्या तळ्यांत वर सरकतात, आणि हिवाळा निभावण्याची त्यांची ती एकच सोय असते. म्हणून ‘अंशतः पार करण्याजोगी’ असा शेरा मिळालेली मोरी मोठ्या माशापुरती अंशतः असते आणि पिलांपुरती भिंत असते.

हे सारे राज्याच्या अभियंत्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. नवी मोरी ओढ्याच्या काठोकाठ भरलेल्या पात्राच्या रुंदीच्या 1.2 पट अधिक 2 फूट इतकी रुंद असावी आणि तिच्या आतला तळ ओढ्यासारखाच असावा, हे सूत्र याच राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने रूढ केले आहे. तेव्हा उणीव तंत्राची नाही, हे आधीच नमूद करतो.

या कामामागचे कायदेशीर बंधन आपल्या सभागृहांत अनेकदा चर्चिले गेले आहे, तरी मराठी वाचकांसाठी ते थोडक्यात सांगणे भाग आहे. 1854 आणि 1855 साली तत्कालीन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी येथील मूळनिवासी जमातींशी करार केले. जमातींनी आपली बहुतेक भूमी सोडली आणि त्या बदल्यात परंपरागत ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. हा हक्क शंभर वर्षे कागदावरच राहिला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांच्यासारखी माणसे आपल्याच नदीत जाळे टाकल्याबद्दल पुनःपुन्हा तुरुंगात गेली. अखेर 1974 साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर करारबद्ध जमातींचा हक्क असल्याचा निवाडा दिला आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. पण नदीत मासेच उरले नाहीत, तर निम्मा वाटा कशाचा? हाच प्रश्न घेऊन 2001 साली 21 जमाती न्यायालयात गेल्या. राज्याच्या मोऱ्या माशांची वाट अडवतात आणि त्यामुळे करारभंग होतो, हे म्हणणे ग्राह्य धरून न्यायमूर्ती रिकार्डो मार्टिनेझ यांनी 2013 मध्ये आदेश दिला. ज्या मोऱ्यांच्या वरच्या अंगाला 200 मीटर किंवा त्याहून अधिक उपयुक्त अधिवास आहे, त्या राज्य महामार्गांवरील मोऱ्यांनी पश्चिम वॉशिंग्टनमध्ये अडवलेल्या अधिवासापैकी 90 टक्के अधिवास 2030 पर्यंत खुला करावा, असे त्याचे सार आहे. 11 जून 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते 4 विरुद्ध 4 अशी समान विभागली गेली आणि खालचा आदेश कायम राहिला.

या आदेशाला फाटा द्यावा किंवा मुदत सैल करावी, असे मी सुचवत नाही. उलट, ‘खाली दुसऱ्याचा अडथळा आहे, मग आमचा पूल बांधून काय उपयोग?’ हा युक्तिवाद राज्याच्या बाजूने न्यायालयात करून झाला आहे आणि तो टिकलेला नाही. राज्याने आपल्या वाट्याचे काम केलेच पाहिजे. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. न्यायालयापुढे पक्षकार म्हणून राज्य होते, म्हणून आदेश राज्याच्या मोऱ्यांपुरता निघाला. विधिमंडळापुढे मात्र सगळा ओढा आहे. परगण्याच्या रस्त्याखालची मोरी, शहराची मोरी, रेल्वेचा नळ, कोणाच्या तरी अंगणातला नळ, हे सारे आपल्या कायद्यांच्या कक्षेत आणि बऱ्याच अंशी आपल्या तिजोरीच्या आवाक्यात येते. न्यायालयाने सांगितले तेवढेच करायचे, ही भूमिका घेतल्यामुळे आपण अब्जावधी डॉलर खर्च करून उत्कृष्ट पूल बांधतो आहोत आणि त्यांतील काहींच्या खाली मासा पोहोचतच नाही.

2022 च्या वाहतूक निधीत आपण या कामासाठी सुमारे 2.4 अब्ज डॉलर ठेवले आणि खर्चाचे अंदाज त्यानंतरही वाढत गेले. याउलट, परगणे, शहरे आणि खाजगी मालक यांच्या अडथळ्यांसाठी आपणच 2014 साली मत्स्य-अडथळा निवारण मंडळ स्थापन केले, ज्याला पुढे ब्रायन ॲबट यांचे नाव दिले गेले. या मंडळाच्या स्थापनेमागचा विचारच एका पाणलोटातील अडथळे जोडून घेण्याचा होता. परंतु अर्जांच्या रांगेपुढे मंडळाचा निधी नेहमीच तोकडा पडत आला आहे. मोठ्या पुलाच्या खर्चाच्या एका लहान अंशात खालचा खाजगी नळ निघू शकतो आणि तरीही तो निघत नाही, कारण तो दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या यादीत, दुसऱ्या अर्थसंकल्पीय शीर्षकाखाली आहे. माशाला शीर्षके वाचता येत नाहीत, हे विधान आपल्याला उथळ वाटेल. डोहाच्या काठावर उभे राहिल्यावर मला मात्र तेच सुचले.

खाजगी मालकांना सामील करून घेता येत नाही, हा समजही अनुभवाला धरून नाही. 1999 च्या वन व मत्स्य कायद्याने मोठ्या जंगलमालकांना आपल्या रस्त्यांचे आराखडे करून अडथळे काढायला भाग पाडले. मुदत एकदा वाढवून 2021 पर्यंत न्यावी लागली, परंतु त्या अवधीत जंगलातील हजारो अडथळे निघाले. स्पष्ट कायदा आणि ठरलेली मुदत असली, की काम होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. घरमालकाची ऐपत लाकूड कंपनीसारखी नसते, हे मान्य; म्हणूनच तिथे पैसा राज्याने द्यावा आणि परवानग्यांची धावपळही राज्यानेच करावी, असे माझे म्हणणे आहे.

तेव्हा पहिली मागणी अशी. येत्या द्वैवार्षिक अर्थसंकल्पात प्रत्येक महामार्गावरील मोरीच्या प्रकल्पाबरोबर त्याच ओढ्यावर समुद्रापर्यंत खाली आणि अधिवास संपेपर्यंत वर जे अन्य अडथळे आहेत, त्यांची यादी आणि ते काढण्याचा निधी जोडलेला असावा. प्रकल्प ‘पूर्ण’ झाल्याची नोंद पूल वाहतुकीला खुला झाल्यावर करू नये. अंडी घालायला आलेले मासे आणि पुढच्या वर्षी त्यांची पिले पुलाच्या वर मोजली गेल्यावर करावी. ही मोजणी करण्याचे ज्ञान जमातींच्या मत्स्यविभागांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तिचा पैसाही त्यांच्याकडेच जावा.

दुसरी बाब मोरी उघडल्यानंतरची आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. कोहो मासे पहिल्या पावसानंतर शहरी ओढ्यांत चढतात आणि अंडी घालण्याआधीच, काही तासांत, तोल जाऊन मरतात, हे सिॲटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यांत वर्षानुवर्षे दिसत होते. 2020 च्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले. टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात 6पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्याची ओझोनशी अभिक्रिया होऊन 6पीपीडी-क्विनोन तयार होते आणि रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यातील त्याची अगदी अल्प मात्राही कोहोला मारायला पुरते. हेच पाणी वाळू आणि कंपोस्टयुक्त मातीच्या थरातून गाळून सोडले, तर मासे जगतात, हेही याच राज्यातील प्रयोगांतून दिसले आहे. आता विचार करा. मोरी बदलण्यासाठी रस्ता खोदलेलाच असतो, यंत्रे आणि माणसे तिथे असतात, काठाची जमीन ताब्यात असते. त्याच वेळी रस्त्याचे पाणी गाळणारा मातीचा चर बांधण्याची सक्ती का नसावी? ज्या ओढ्यावर गर्दीचा रस्ता आहे, तो ओढा गाळणीशिवाय खुला करणे म्हणजे कोहोला आमंत्रण देऊन जेवणात विष वाढण्यासारखे आहे.

तिसरी बाब सावलीची आणि लाकडाची. सॅमनला थंड पाणी लागते. पाणी 20 अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की मासे थकतात, रोगाला बळी पडतात आणि वर चढणे थांबवतात. 2015 च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदीच्या खोऱ्यात सॉकाय या सॅमनच्या जातीचे सुमारे अडीच लाख मासे तापलेल्या पाण्याने मेले. काठावर झाडे असली, तर लहान ओढ्याचे तापमान आटोक्यात राहते आणि पुढे तीच झाडे पात्रात पडून डोह व आडोसे तयार करतात. येथे एक कबुली आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात नौकानयनासाठी स्कॅजिटसारख्या नद्यांतील ओंडक्यांचे प्रचंड ढीग फोडण्यात आले आणि विसाव्या शतकात मत्स्य खात्यांनी स्वतः, माशांचे भले करण्याच्या हेतूने, ओढ्यांतील पडलेली झाडे ‘अडथळा’ म्हणून उपसून काढली. आज आपण हेलिकॉप्टरने तेच ओंडके पुन्हा नेऊन टाकतो आहोत. जे सत्तर वर्षांपूर्वी शास्त्रीय वाटले ते चुकीचे निघाले, हे लक्षात ठेवून आजच्या कामांवरही वीस-पंचवीस वर्षे लक्ष ठेवण्याची तरतूद असावी, एवढाच त्यातून मी काढलेला निष्कर्ष आहे.

काठावरच्या झाडांसाठी 2022 साली आपल्यापुढे लॉरेन लूमिस यांच्या नावाने विधेयक आले आणि बारगळले. शेतकऱ्यांचा विरोध मी ऐकला आहे आणि तो केवळ आडमुठेपणा नव्हता. ज्याच्या शेताची सुपीक पट्टी झाडांखाली जाणार, त्याला मोबदल्याची हमी मिळण्याआधी दंडाची भाषा ऐकू आली, तर तो दुसरे काय करणार? त्यानंतर ऐच्छिक अनुदानाचा मार्ग घेतला गेला. ऐच्छिक मार्गाने जे काठ हिरवे होतील ते होवोत, परंतु जिथे एका ओढ्यावर पाच मालक तयार आहेत आणि सहावा नाही, तिथे ओढा सहाव्याच्या शेतात तापतो. म्हणून पीक बुडण्याचा मोबदला पूर्ण, दीर्घ मुदतीचा आणि आधी द्यावा. आणि तो दिल्यानंतर मात्र काठ सावलीत आणण्याची मुदत सर्वांना बंधनकारक असावी.

काही सदस्य विचारतील, की इतका खटाटोप करण्यापेक्षा मत्स्यबीज केंद्रांतून अधिक पिले सोडली तर काय बिघडेल? याचे उत्तर एल्व्हा नदीने दिलेले आहे. मासे जिथवर चढतात तिथल्या धरणांना माशांसाठी वाट ठेवली पाहिजे, असा कायदा या राज्याने 1890 सालीच केला होता. तो धाब्यावर बसवून 1913 मध्ये एल्व्हा धरण पूर्ण झाले. वाटेऐवजी धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र चालेल, अशी तडजोड राज्यानेच स्वीकारली. ते केंद्र 1922 मध्ये बंद पडले आणि धरण पुढे नव्वद वर्षे उभे राहिले. ते आणि त्याच्या वरचे, 1927 मध्ये पूर्ण झालेले 64 मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅनियन धरण काढण्याचा मार्ग अमेरिकी काँग्रेसने 1992 च्या कायद्याने मोकळा केला, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2011 उजाडले आणि 2014 मध्ये ते संपले. अडलेला गाळ समुद्रात जाऊन मुखाशी नवा किनारा तयार झाला, सॅमन आणि त्यांचेच भाईबंद असलेले स्टीलहेड मासे ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या आतवर परतले आणि 2023 च्या शरद ऋतूत लोअर एल्व्हा क्लालम जमातीने आपल्या नदीत कोहोची मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू केली. तिथेही मत्स्यबीज केंद्राची मदत घेतली गेली, हे मी लपवत नाही. केंद्राने माशांना तग धरायला मदत केली, पण त्यांना जायला नदी मिळाली ती धरण गेल्यावर.

निस्क्वाली नदीच्या मुखाशी 2009 मध्ये जुना बांध काढून 762 एकर भूमीवर भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा खेळू दिले गेले. चिनूक या सॅमनच्या जातीची पिले समुद्रात उतरण्यापूर्वी अशाच खाऱ्या दलदलीत खाऊन-पिऊन मोठी होतात. पुजेट साउंडचा चिनूक 1999 पासून केंद्रीय कायद्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याच्यावर जगणारे येथील ओर्का (किलर व्हेल) 2005 पासून त्याहून गंभीर यादीत आहेत. त्यांच्यातील एका मादीने 2018 च्या उन्हाळ्यात आपले मेलेले पिलू 17 दिवस डोक्यावर वाहिले होते, ते आपण सर्वांनी पाहिले. त्यानंतर झालेल्या भाषणांची आठवण मी मुद्दाम करून देतो, कारण त्यांपैकी काही आपल्याच सभागृहांत झाली होती.

मुदतीविषयी शेवटचे. कोहो बहुधा तीन वर्षांचा होऊन परततो. एका मादीच्या पोटात अडीच-तीन हजार अंडी असतात आणि ती आयुष्यात एकदाच घातली जातात. जो नळ या शरद ऋतूत बंद राहतो, त्याच्यापाशी आलेल्या माशांची पिढी कुठल्या पुढच्या अर्थसंकल्पात भरून निघत नाही.

आपले अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते. कोहो आणि चम या सॅमनच्या जाती नोव्हेंबरात ओढ्यांत असतात. त्या दोहोंच्या मध्ये जे आठवडे आहेत, त्यांत परिवहन आणि अर्थसमित्यांच्या सदस्यांनी आपापल्या मतदारसंघातील एखाद्या पूर्ण झालेल्या प्रकल्पावर जावे आणि पुलापासून खाली, पाणी समुद्राला मिळेपर्यंत, काठाने चालत जावे, अशी माझी विनंती आहे. मी सांगितलेला ओढा ज्या सदस्यांना पाहायचा असेल, त्यांना मी स्वतः घेऊन जाईन. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतील आणि खाजगी रस्त्याच्या मालकाची परवानगी मी आधीच घेऊन ठेवली आहे. नळ निघणार असेल तर त्याची हरकत नाही, फक्त त्याला खर्च झेपत नाही, असे त्याने मला सांगितले आहे.

आपला विश्वासू,
ओढ्याकाठचा एक रहिवासी